हातातून हातात

व्हीलचेअरवर रोबोटिक हात बसवला, त्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत दादा पाणी पिताना एकदाही कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. पेल्याकडे हात सरकायला लागला की त्याचं बोलणं मध्येच थांबायचं. मान किंचित पुढे, डोळे त्या तीन काळ्या बोटांवर खिळलेले, श्वाससुद्धा रोखलेला. पेला ओठांपर्यंत यायचा, दोन घोट व्हायचे, पेला परत टेबलावर जायचा, बोटं उघडायची, आणि मग तो अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायचा. तेवढा वेळ समोर बसलेली माणसंही गप्प होऊन बघत राहायची. तहान लागली म्हणून पाणी प्यायचं, तर त्याचा सगळ्यांदेखत एक प्रयोग होऊन बसायचा. दादाला ते आवडत नसे. मग कुणी आलेलं असलं की तो पाणीच प्यायचा नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली. तेव्हापासून त्याची बोटं हलत नाहीत आणि बोटांना काही कळतही नाही. खांदे हलतात, कोपर वाकतं, दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो. व्हीलचेअरच्या जॉयस्टिकवर मूठ अडकेल अशी एक खाच लावलेली आहे, ती तो खांद्याच्या आणि कोपराच्या जोरावर ढकलतो. त्याच जॉयस्टिकवर रोबोटिक हातही चालतो. हात पुढे-मागे न्यायचा आणि बोटं उघडायची-मिटायची, ही दोन्ही कामं एकाच दांड्यावर, म्हणून मधे डोक्याशेजारचं बटण दाबून मोड बदलावा लागतो. हे सगळं त्याने पंधरा दिवसांत आत्मसात केलं. शिकवायला आलेल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

आणि तरीही कागदी पेले चुरगळत राहिले.

मी शेजारी बसून ते पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बोटं पेल्याभोवती येतात. बोटाची जी बाजू पेल्याला टेकणार, ती नेमकी दादाच्या डोळ्यांआड असते, कारण मधे स्वतः बोट आहे, पेला आहे. टेकलं की नाही हे कळायला एकच मार्ग उरतो, पेल्याची कड हलली का हे पाहणं. ती हलेपर्यंत बोटांनी बराच दाब दिलेला असतो. दादा जॉयस्टिक सोडतो, पण सोडायचं ठरवणं आणि मूठ खरोखर मागे येणं यांतही क्षण जातो. तेवढ्यात पेल्याचं तोंड गोलाचं लांबट होतं आणि पाणी काठावरून त्याच्या मांडीवर येतं. मांडीला गार लागत नाही. कपडा ओला झाल्याचा रंग दिसतो तेव्हा त्याला समजतं.

ते पाणी पुसताना एकदा तो म्हणाला, "हात माझा आहे, पण त्याच्याकडून मला काही कळत नाही. हाक मारली तर ओ देत नाही."

माझं काम सर्किट बोर्डांचं. नऊ वर्षांत त्याला पाणी मी पाजत होते, वहिनी पाजत होती, आई पाजत होती, आणि आपल्या हाताला त्या वेळी काय काय कळतं याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा केला. पेला त्याच्या खालच्या ओठाला लावला की ओठाचा किंचित दाब माझ्या बोटांपर्यंत येतो. पाणी तोंडात जाऊ लागलं की पेला हलका होतो आणि वजन माझ्याकडून त्याच्याकडे कलतं. पुरे झालं की तो बोलत नाही, ओठ जरासा वर ढकलतो. माझ्या हाताला ते ढकलणं कळतं आणि हात आपोआप खाली येतो. हे मी डोळ्यांनी कधीच पाहत नव्हते. बऱ्याचदा मी खिडकीबाहेर बघत त्याच्याशी गप्पा मारत पाजत असे. म्हणजे जे काम मी न बघता करत होते, तेच काम आम्ही त्याला नुसतं बघून करायला लावलं होतं.

यानंतर मी वाचायला लागले. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातले रोलंड योहान्सन आणि त्यांचे सहकारी योरान वेस्टलिंग यांनी 1984 साली एक साधा दिसणारा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाने अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एक छोटी वस्तू धरून उचलायची. वस्तूची बाजू कधी सँडपेपरची, कधी मऊ चामड्याची, कधी रेशमाची. रेशीम गुळगुळीत, त्याला जास्त आवळावं लागतं, सँडपेपरला कमी. लोकांची बोटं दर वेळी निसटण्याच्या हद्दीपेक्षा थोडीशीच जास्त ताकद लावत होती. फार नाही, थोडीशीच. वस्तू उचलली जाऊ लागली की जेवढं वजन बोटांवर येतं तेवढीच पकड बरोबरीने वाढते. जरासं घसरलं तर एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात पकड घट्ट होते. डोळ्यांनी घसरताना पाहून हात हलवायला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. दादाचा पेला का चुरगळतो याचं उत्तर या एका वाक्यात होतं.

योहान्सन यांच्याच प्रयोगशाळेतली एक चित्रफीत आहे. एक बाई काडेपेटीतून काडी काढून पेटवते. काही सेकंदांचं काम. मग तिच्या बोटांची टोकं इंजेक्शनने बधिर केली जातात आणि ती तेच पुन्हा करते. स्नायू सगळे शाबूत, डोळे शाबूत, मेंदू शाबूत. तरी काडी चिमटीत येत नाही, येते ती उलटी येते, खाली पडते, पुन्हा चाचपडणं. पाहवत नाही इतका वेळ जातो. मी ती दादाला दाखवली. त्याने ती तीनदा पाहिली आणि शेवटी म्हणाला, "आईला दाखव." आईला इतके दिवस वाटत होतं, की तो अजून पुरेसा सराव करत नाही.

माणसाच्या एका तळहातात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे 17,000 मज्जातंतू आहेत, असा अंदाज योहान्सन आणि ओके वाल्बो यांनी 1979 साली मांडला. आकड्यापेक्षा मला त्यातली कामाची वाटणी जास्त मोलाची वाटली. काही तंतू वस्तू धरून ठेवलेली असेपर्यंत सतत कळवत राहतात. काही फक्त बदलाच्या क्षणी बोलतात, टेकलं तेव्हा आणि सुटलं तेव्हा, मधे गप्प. त्यांतलीच एक जात म्हणजे पाचिनीच्या कणिका. फिलिप्पो पाचिनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव त्यांना मिळालं आहे. जेमतेम 1 मिलिमीटर लांबीची, कांद्यासारखी पापुद्र्या-पापुद्र्यांची ही कणिका सेकंदाला 200 ते 300 वेळा होणारी बारीक थरथर सगळ्यांत नीट टिपते. पेला टेबलावर ठेवताना त्याचा तळ टेकला, हे आपल्याला कसं कळतं? आपलं बोट तर टेबलाला लागलेलंच नसतं. तळ टेकल्याची सूक्ष्म थरथर काचेतून वर येते आणि या कणिकांना पोचते. म्हणून आपण पेला न बघता ठेवू शकतो. लिहिताना पेनाचं टोक कागदाला लागलेलं कळतं, अंधारात किल्ली कुलपात बसलेली कळते, तेही असंच.

दादाला सगळ्यांत जास्त दगा देत होतं ते हे ठेवणंच. उचलणं निदान समोर दिसतं. ठेवताना पेला टेबलापासून बोटभर वर आहे की टेकलेला आहे हे खुर्चीवरून, वरच्या कोनातून कळत नाही. लवकर सोडला तर पेला आपटून कलंडतो. उशिरा सोडला तर हात खाली दाबतच राहतो आणि पेला वाकतो. मदतीच्या उपकरणांविषयी बोलताना सगळे पकडण्याविषयीच बोलतात. सोडणं हे अर्धं काम आहे, आणि माझ्या मते अवघड अर्धं.

या हाताची बोटं मोटरवर चालतात आणि मोटरचा आवाज होतो. बोटं वस्तूला टेकून दाब वाढला की तो सूर किंचित खाली येतो. हे मला मीटरवर करंटचा आलेख बघून कळलं; दादाला महिनाभर आधीच कानांनी कळलेलं होतं. तो पेला उचलताना पंखा बंद करायला सांगायचा, टीव्ही बंद करायला सांगायचा, आणि आम्हाला वाटायचं त्याचं लक्ष विचलित होतंय. तो बोटं ऐकत होता. माणसाला स्पर्शाची वाट बंद झाली की तो मिळेल त्या फटीतून आत शिरतो. जुन्या काळचे हाताच्या जागी लावायचे, दोरीवर चालणारे हुकासारखे आकडे आजही अनेक जण सोडत नाहीत, त्यामागचं एक कारण हेच आहे. हात गमावलेल्यांसाठीचा दुभंगता आकडा, ज्याचं पेटंट अमेरिकेत डेव्हिड डॉरन्स यांना 1912 साली मिळालं, तो पाठीवरच्या पट्ट्याने आणि खांद्याच्या हालचालीने उघडतो. दोरीचा ताण खांद्याला जाणवतो, त्यामुळे आकडा किती उघडला आहे हे न बघता समजतं. त्यात ना बॅटरी, ना सेन्सर. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या लोखंडी आकड्याला ओ देता येत होती, आणि आमच्या मोटरवाल्या हाताला येत नव्हती.

आज जगात यावर जे मोठं काम चाललं आहे ते शरीराच्या आत शिरून. 2014 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या डस्टिन टायलर यांच्या गटाने हात गमावलेल्या माणसांच्या उरलेल्या हातातल्या मज्जातंतूंभोवती इलेक्ट्रोड बसवून त्यांना कृत्रिम बोटांचा दाब जाणवून दिला. डोळ्यांवर पट्टी बांधून एका हाताने चेरी धरायची आणि तिचा देठ ओढून काढायचा, ही त्यांची परीक्षा. स्पर्श चालू असताना चेऱ्या फुटण्याचं प्रमाण खूप उतरलं. दादासारख्या माणसाच्या जास्त जवळचं काम अमेरिकेतल्याच पिट्सबर्ग विद्यापीठाचं. तिथे हातपाय लुळे पडलेल्या एका माणसाच्या मेंदूत, हालचालीच्या भागात आणि स्पर्शाच्या भागातही, बारीक इलेक्ट्रोड बसवले होते. रोबोटिक बोटांवर दाब आला की स्पर्शाच्या भागाला विजेची हलकी चेतना द्यायची. 2021 साली त्यांनी जाहीर केलं, की वस्तू उचलून ठेवण्याच्या कामांचा मध्यक वेळ 20.9 सेकंदांवरून 10.2 सेकंदांवर आला. वाचलेला वेळ मुख्यतः वस्तू पकडण्याच्या धडपडीतला होता. हात तोच, माणूस तोच, फक्त "टेकलं" एवढी बातमी वेळेवर पोचू लागली.

मी हा भाग दादाला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या डोक्याला कुणी हात लावायचा नाही. पण दंडावर काही चिकटवणार असशील तर चिकटव."

एवढ्यावर काम सुरू झालं. रोबोटिक बोटांच्या रबरी गाद्यांखाली दाब मोजणाऱ्या पातळ पट्ट्या, आणि दंडाभोवतीच्या पट्ट्यात फोनमध्ये असते तसली छोटी कंपनमोटर. पहिली कल्पना मला फार तर्कशुद्ध वाटली होती. जितका दाब, तितकी थरथर. हलकं धरलं तर हलकी, आवळलं तर जोरात. टेबलावर बसून माझ्या स्वतःच्या दंडावर पाच मिनिटं छान वाटलं. दादाने तो पट्टा दोन दिवस बांधला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कानाशी माशी भुणभुणते तसं होतं. आणि थोड्या वेळाने माशीही ऐकू येत नाही."

त्यात दोन चुका होत्या आणि दोन्ही मला आधी कळायला हव्या होत्या. एकसारखी थरथर त्वचा काही वेळात विसरते. अंगावरचा सदरा आपल्याला दिवसभर कुठे जाणवतो? म्हणजे पेला जितका जास्त वेळ धरला तितकी माझी बातमी पुसट होत होती. दुसरं असं, की या स्वस्त मोटरमध्ये एक कललेलं वजन गरगर फिरतं. जोर वाढवला की वेगही वाढतो, दोन्ही एकात एक गुंतलेले. दाब थोडा वाढला की बराच, हे त्यातून ओळखणं कठीण. त्यात दाबाच्या पट्ट्यांची आणखी एक खोड होती: एकच वजन धरून ठेवलं तरी त्यांचा आकडा हळूहळू सरकत जातो. बोटं उघडली की दर वेळी शून्य नव्याने धरायचं, हा त्यावरचा उपाय मला खूप उशिरा सुचला.

मधे मी दोन मोटरही लावून पाहिल्या, एक अंगठ्यासाठी आणि एक समोरच्या बोटांसाठी, दोन सेंटीमीटरच्या अंतरावर. दादाला त्या दोन आहेत हेच कळेना. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन बिंदू वेगळे कळतात, दंडावर त्यासाठी सुमारे 4 सेंटीमीटर अंतर लागतं. जागेजागेचा हा फरक जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकातच कंपासची दोन टोकं त्वचेवर टेकवून मोजलेला होता. मी त्याच्या दंडावर बोटांचा नकाशा काढायला निघाले होते, आणि दंडाला तेवढं बारीक वाचता येत नाही.

मग मी पाचिनीच्या कणिकांकडे परत गेले. सतत सांगत बसायचं नाही, बदल झाला तेव्हाच सांगायचं. हा विचार माझा एकटीचा नाही. इटलीतले क्रिस्तियान चिप्रियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली हेच करून पाहिलं होतं: वस्तूला बोट लागलं, वस्तू उचलली गेली, वस्तू टेकली, या क्षणांना फक्त एक छोटीशी थरथर, आणि लोकांनी ती पटकन आपल्या हालचालीत सामावून घेतली. मी दादाच्या पट्ट्यातली सगळी भुणभुण काढून टाकली. बोटं वस्तूला लागली की एक टिचकी. वस्तूचा तळ कशाला तरी टेकला की एक टिचकी. घसरायला लागली तर लागोपाठ दोन. बाकी शांतता.

घसरणं ओळखायला सगळ्यांत जास्त दिवस गेले. बोटाच्या गादीत कंपन मोजणारी एक चिप बसवली, पण हात स्वतः हलला की त्याच्या मोटरचीही थरथर बोटात येते, आणि दादाच्या दंडावर उगाचच टिचक्यांचा पाऊस पडायचा. शेवटी मनगटाशी दुसरी तशीच चिप लावली. दोन्हींना एकदम थरथर जाणवली तर ती हाताची स्वतःची. फक्त बोटालाच जाणवली तर वस्तू घसरते आहे. खोट्या टिचक्या पूर्ण गेल्या नाहीत, आजही व्हीलचेअर उंबरठ्यावरून गेली की एखादी येते, पण विश्वास बसण्याइतकं ते सुधारलं.

तिसऱ्या दिवशी पंखा चालू असताना दादाने पेला उचलला. आठवड्याभराने कागदी पेला न वाकता ठेवला. टिचकी आली की मूठ मागे, हे त्याचं इतकं अंगवळणी पडलं, की मी विचारलं, "टिचकी जाणवते ना अजून?" तर तो क्षणभर थांबून म्हणाला, "टिचकी नाही जाणवत. पेला लागल्याचं जाणवतं." ती दंडावर होती, आणि त्याला ती पेल्यापाशी लागत होती.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण माझ्यातल्या तंत्रज्ञाला राहवलं नाही. घसरतंय हे आता हाताला कळतं, तर दादाला कळवून, त्याने बटण दाबून, मग आवळण्यात वेळ का घालवायचा? हाताने स्वतःच आवळावं. बाजारातल्या काही कृत्रिम हातांमध्ये ही सोय असतेच, आणि आपली खरी बोटंही विचारत बसत नाहीत. मी तसा प्रोग्रॅम लिहिला. बाटली, चमचा, रिमोट, काहीच पडेना. मला फार आनंद झाला होता.

भाची दहा वर्षांची आहे. अपघात झाला तेव्हा ती एक वर्षाची होती. म्हणजे तिला आठवतं तेव्हापासून बाबाने तिच्या हातात कधीच काही दिलेलं नाही. तिनेच द्यायचं, तिनेच घ्यायचं, तिनेच त्याच्या मांडीवर ठेवायचं. त्या दिवशी ती खेळून आली आणि दादाने टेबलावरचा तिचा पाण्याचा पेला उचलून तिच्यापुढे धरला. ती एकदम थबकली, मग हसली आणि पेला घ्यायला तिने हात घातला.

पेला तिच्याकडे ओढला गेला. बोटांना ते घसरणं वाटलं. हाताने आवळलं. तिने जास्त ओढलं, तसं हाताने आणखी आवळलं. दादा ओरडत होता "सोड, सोड," ते हाताला उद्देशून होतं आणि तिला वाटलं तिला म्हणतोय. पेला दोघांच्या मधे चपटा झाला, पाणी तिच्या फ्रॉकवर आलं. तिने हात मागे घेतला आणि घाबरून विचारलं, "बाबा, तुला द्यायचं नव्हतं का?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

त्या रात्री मी नोंदलेले आकडे काढून बसले. तिच्या ओढण्याचा आलेख आणि बाटली घसरण्याचा आलेख एकमेकांवर ठेवले तर फरक सांगता येत नव्हता. गादीखाली तीच थरथर, बाजूने तोच जोर. निसटणं आणि देणं, बोटाच्या टोकापाशी दोन्ही सारखीच दिसतात. आपण कुणाला पेला देतो तेव्हा समोरच्याचा हात लागल्याचं कळतं, वजन त्याच्याकडे जायला लागतं तशी आपली पकड तितकीच सैल होत जाते, आणि शेवटी नुसती बोटं लागलेली राहतात. घसरताना जे कळतं तेच कळतं, आणि आपण बरोबर उलटं वागतो. का, तर आपल्याला द्यायचं असतं. हे द्यायचं असणं बोटांत कुठे नाही. कितीही चांगली गादी बसवली, कितीही बारीक सेन्सर लावले, तरी ते तिथे सापडणार नाही. ते दादाकडे आहे. मी मात्र कळण्याची वाट हातापर्यंत आणून त्याच्या अलीकडेच थांबवली होती.

हाताने स्वतःहून आवळणं मी काढून टाकलं नाही. बाटली पडू नये हेही त्याला हवंच आहे. पण ते आता त्याच्या हातात आहे. डोक्याशेजारचं बटण दाबून धरलं की आवळणं बंद होतं आणि टिचक्यांचा अर्थ बदलतो. समोरच्याने पेला धरला की एक टिचकी, वजन त्याच्याकडे गेलं की दुसरी. सोडायचं कधी हे दादा ठरवतो. आम्ही याचा सराव माझ्याबरोबर केला, वहिनीबरोबर केला. पहिले काही दिवस पेला दोघांच्या मधे पडायचाच, कारण दुसरी टिचकी येईपर्यंत घेणाऱ्याला धीर निघत नसे. आपण माणसं घेताना किती घाई करतो हे मला तेव्हा दिसलं. वहिनीला सगळ्यांत आधी जमलं. ती पेला धरून नुसती थांबायची, ओढायची नाही.

भाचीला मात्र दादाने सरावात घेतलं नाही. "तिच्यावर प्रयोग नको," म्हणाला.

गेल्या महिन्यात घरी त्याचे दोन जुने मित्र आले होते. कुठल्याशा जुन्या सामन्यावरून वाद रंगला होता आणि दादा तावातावाने बोलत होता. भाची आतून आली, म्हणाली, "बाबा, पाणी." बोलता बोलता त्याने हात टेबलाकडे नेला, पेला उचलला, तिच्याकडे वळवला. मी दारात उभी होते. तिने दोन्ही हातांनी पेला धरला आणि थांबली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. दादाचं तोंड मित्राकडेच होतं, "अरे पण शेवटच्या षटकात," असं काहीतरी चाललं होतं, आणि बोटं उघडली. एकेक करून उघडत नाहीत ती, तिन्ही एकदम उघडतात. पेला तिच्या हातात राहिला. वाक्य तुटलं नाही.

तिने उभ्या उभ्या पाणी संपवलं. मग रिकामा पेला टेबलावर ठेवायचा सोडून त्या उघड्या बोटांच्या मधे आणून धरला आणि म्हणाली, "बाबा, धर."

घेण्याचा सराव आम्ही केलेला नव्हता. दादा बोलायचा थांबला. त्याची मूठ जॉयस्टिकवर पुढे सरकली, बोटं मिटायला लागली, आणि पट्ट्यातली मोटर वाजल्याचा तो बारीक आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. एकदाच.